हातचा एक

आमच्या लहानपणी बेरीज शिकविताना गुरुजी म्हणत, "सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक." तो हातचा पाटीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेला त्यांस खपत नसे. तो मनात धरावयाचा, पुढील रांगेची बेरीज होईपर्यंत सांभाळावयाचा, आणि काम झाले की टाकून द्यावयाचा. कोणी तो बोटाच्या पेरावर धरी, कोणी ओठांत घोळवी. आणि शेजारच्या मुलाने मध्येच कोपराने ढोसले की तो हमखास निसटे. मनाच्या ज्या शक्तीचा शोध घेण्यात ॲलन बॅडले ह्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने जवळजवळ साठ वर्षे घालविली, तिला मराठीत ह्याहून नेमके नाव आम्हांस सुचत नाही. शास्त्रीय परिभाषेत तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. आम्ही मात्र ह्या लेखात बहुतेक ठिकाणी हातचाच म्हणणार आहोत.

तंजावरास बदलून आल्यावर पहिल्याच आठवड्यात ह्या हातच्याशी आमची नव्याने गाठ पडली. राजवाड्याच्या बाजूच्या बाजारात एका बाईने केळफुलाचा भाव सांगितला, "इरुपत्तैंदु." तो शब्द ओठांत घोळवीत आम्ही खिशात हात घातला. इतक्यात मागून सौ.नी विचारले, "कढीपत्ता घेतलात का?" आम्ही "घेतो" एवढेच म्हणालो; पण तेवढ्या अवधीत तो तमिळ शब्द कोठे गेला तो गेलाच. बाईने "पंचवीस" म्हटले असते, तर सौ.नी आणखी चार प्रश्न विचारले असते तरी तो जागचा हलला नसता. परमुलुखात नोकरी करणाऱ्या आमच्या बहुतेक वाचकांस हा अनुभव आला असेल. आपण तो वयाच्या खाती मांडून मोकळे होतो. पण त्याचे खरे कारण निराळे आहे, आणि ते कळण्यास तंजावरइतके योग्य गाव दुसरे नसावे.

कारण ज्या गावी आमचा हा एवढासा हातचा निसटला, त्याच गावी चारशे वर्षांपूर्वी आठ-आठ हातचे एकदम सांभाळणाऱ्या स्त्रिया होत्या. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतले त्यापूर्वीची, नायक राजवटीतील ही गोष्ट. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे राज्य करणारा रघुनाथ नायक स्वतः कवी होता आणि त्याच्या सभेत विदुषींचा मोठा मेळा होता. त्यांपैकी रामभद्रांबा हिने 'रघुनाथाभ्युदय' हे संस्कृत काव्य लिहिले. राजाची स्तुती हा त्याचा उघड विषय आहे. परंतु सभेतील स्त्रिया अनेक भाषांत काव्य कशा रचीत, हेही तिने त्यात सांगून ठेवले आहे. मधुरवाणी नावाच्या दुसऱ्या कवयित्रीविषयी तर अर्ध्या घटिकेत शंभर श्लोक रचण्याची आणि अष्टावधान व शतावधान करण्याची ख्याती सांगतात. घटिका चोवीस मिनिटांची. ह्या हिशेबात स्तुतीचा भाग किती हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु अष्टावधान ही कविकल्पना नव्हे. ते आजही तेलुगू मुलुखात होते, आणि ज्याने एकदा पाहिले तो त्याची पद्धती विसरत नाही.

अवधान म्हणजे लक्ष. अवधानी मध्ये बसतो आणि त्याच्याभोवती आठ पृच्छक. एक समस्या घालतो, म्हणजे श्लोकाचा विचित्र अर्थाचा शेवटचा चरण देतो; बाकीचे तीन अवधान्याने असे रचावयाचे की त्या चरणास अर्थ यावा. दुसरा एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द देतो. प्रत्येक चरणात एकेक गुंफावयाचा. तिसरा निषेध करणारा. अवधानी एकेक अक्षर उच्चारतो आणि हा गृहस्थ पुढचे कोणते अक्षर वर्ज्य ते सांगत जातो. चौथा एखाद्या प्रसंगाचे वर्णन अमुक वृत्तात मागतो. एकजण पुराणातील संदर्भ विचारतो. एकाचे काम केवळ अप्रस्तुत बडबड करून लक्ष उडविण्याचे असते, आणि त्यास विनोदी उत्तर न देणे हाही पराभवच. आणखी एकजण मनास येईल तेव्हा घंटा वाजवितो किंवा पाठीवर फूल टाकतो, त्यांची संख्या शेवटी सांगावयाची. सभेसभेप्रमाणे ही अंगे थोडी बदलतात. परंतु खरी मेख पुढे आहे. कोणताही श्लोक एका दमात पुरा करावयाचा नसतो. पहिल्या फेरीत प्रत्येक पृच्छकास पहिला चरण, दुसऱ्या फेरीत दुसरा, अशा चार फेऱ्या; आणि सर्व संपल्यावर धारणा, म्हणजे सगळे श्लोक अथपासून इतिपर्यंत अस्खलित म्हणून दाखविणे. लिहून घेण्यास कागद नाही.

आमच्याकडे ही सरस्वतीची कृपा मानली गेली. तिची मोजदाद करावी असे कोणाच्या मनात आले नाही. मोजदाद सुरू झाली ती लंडनमध्ये, आणि योगायोग असा की १८८७ साली मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एकोणीस वर्षांचे श्रीमद् राजचंद्र शतावधान करून दाखवीत होते, त्याच वर्षी जोसेफ जेकब्स ह्या गृहस्थाने लंडनमधील एका शाळेच्या मुलींस आकड्यांच्या माळा ऐकवून, त्या किती लांबीपर्यंत जशाच्या तशा परत म्हणता येतात ह्याचा निबंध प्रसिद्ध केला. एकीकडे शंभर, दुसरीकडे मोजकेच आकडे! १९५६ साली जॉर्ज मिलर ह्या अमेरिकन पंडिताने सातचा आकडा प्रसिद्धीस आणला. पुढे २००१ साली नेल्सन कोवन ह्याने तोही खाली आणून चारावर ठेवला.

बॅडलेचा जन्म २३ मार्च १९३४ रोजी लीड्स येथे झाला. लंडन व प्रिन्स्टन येथे शिक्षण आटोपून १९५८ साली तो केंब्रिजच्या उपयोजित मानसशास्त्र केंद्रात दाखल झाला, आणि तेथे त्याच्या वाट्यास आले ते काम टपाल खात्याचे होते. पत्त्यासाठी संकेतांक द्यावयाचे. ते लोकांच्या लक्षात राहतील असे कसे करावे? त्याचा मार्गदर्शक कॉनरॅड ह्याने ह्याच सुमारास एक मौजेची गोष्ट दाखवून दिली होती. डोळ्यांनी वाचलेली अक्षरे आठवतानाही माणसे रूपात नव्हे, नादात चुकतात. बी ऐवजी व्ही लिहितात, एफ ऐवजी एस. म्हणजे वाचलेले अक्षरही मनात जाऊन ध्वनी होते. बॅडलेने इंग्रजी भाषेच्या वळणाचे, उच्चारण्यास सोपे संकेत तयार केले. टपाल खात्याने दुसरीच पद्धती स्वीकारली. सरकारी खात्यात काढलेल्या वाचकांस ह्यात नवल वाटू नये.

टपालाशी त्याचा संबंध पुढेही राहिला. पोस्टमनांस संकेतांकाचे टंकलेखन शिकवावयाचे, तर रोज एक तास द्यावा की चार तास, ह्याचा प्रयोग त्याने लाँगमन ह्या सहकाऱ्यासह १९७८ साली प्रसिद्ध केला. रोज एकच तास शिकणारे सर्वांत कमी तासांत तरबेज झाले. आणि आपल्या शिक्षणावर सर्वांत नाराज तेच होते, कारण दिवस जास्त लागले. टपालाचा विषय निघालाच आहे तर आपला पिनकोड घडविणाऱ्याचे स्मरण येथे करणे अगत्याचे आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकडी योजना श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या मराठी अधिकाऱ्याची, आणि हे अधिकारी संस्कृत कवी होते. तंजावरच्या मुख्य टपाल कचेरीचा अंक ६१३००१. त्यातील पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन कचेरीचे. ज्यास ६१३ हा तंजावरचा म्हणून ठाऊक आहे त्यास हातात धरावयाचे उरतात ते तीनच. श्लोकाचे चरण पाडण्याची सवय असलेल्या माणसाची ही करामत आहे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

बॅडलेचे मुख्य कार्य १९७४चे. ग्रॅहम हिच ह्या तरुण सहकाऱ्याबरोबर ससेक्स येथे आरंभिलेले व स्कॉटलंडमधील स्टर्लिंग येथे पुढे चालविलेले त्याचे प्रयोग त्या वर्षी प्रसिद्ध झाले. प्रश्न साधा होता. आकडे धरून ठेवण्याची ही अल्पकालीन स्मृती मनास कोणत्या कामी येते? ती विचार करण्याची जागा असेल, तर ती आकड्यांनी भरून टाकल्यावर विचार बंद पडला पाहिजे. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांस आकड्यांची माळ सारखी पुटपुटत ठेवण्यास सांगितले आणि त्याच वेळी "अ हा बच्या मागून येतो" अशा वाक्यांचा खरेखोटेपणा ठरविण्यास लावले. हे अष्टावधान नसले तरी द्व्यवधान खासच होते! आकडे वाढले तसा वेळ वाढत गेला. परंतु चुका फारशा वाढल्या नाहीत. अर्थात ही स्मृती एकखणी पेटी नव्हे.

ह्यावरून त्यांनी जी व्यवस्था मांडली ती मराठेशाहीच्या परिभाषेत सहज सांगता येते. वर एक कारभारी. तो लक्ष कोठे द्यावयाचे ते ठरवितो. त्याच्या हाताखाली दोन कारकून. एकाजवळ चित्रे व जागा टिपण्याची पाटी. दुसऱ्याकडे ध्वनी, जो ओठांतल्या ओठांत फिरवीत राहिले तरच टिकतो, थांबले की विरतो. हे फिरते आवर्तन सुमारे दोन सेकंदांचे असते, असे १९७५च्या प्रयोगांवरून ठरले: दोन सेकंदांत जेवढे म्हणता येईल तेवढेच हाती राहते. म्हणून आखूड शब्द जास्त राहतात, लांब शब्द कमी. पुढे पंचवीस वर्षांनी, २००० साली, बॅडलेने ह्या कारखान्यात चौथा भाग घातला. दोन्ही कारकुनांची टिपणे आणि जुन्या दप्तरातील माहिती जेथे एकत्र जुळून एक प्रसंग बनतो, अशी ती जागा. हिचने १९७८ साली तोंडी बेरजांचा अभ्यास केला आणि चुका होतात त्या बहुतांशी मधली टिपणे विरून गेल्यामुळे, हे दाखविले. आमच्या गुरुजींस हे ठाऊकच होते.

१९७४ ते १९९५ अशी एकवीस वर्षे बॅडले त्या केंब्रिज केंद्राचा संचालक होता. कचेरीच्या रगाड्यात अभ्यास होत नाही ही सबब आम्हीही सांगत आलो आहोत. म्हणून हा तपशील मुद्दाम नोंदवितो. ह्याच काळात त्याचा एक प्रयोग फार गाजला. पाणबुड्यांस छत्तीस शब्द कधी काठावर, कधी समुद्राखाली पाठ करावयास लावले, तेव्हा जेथे शिकले तेथेच ते अधिक आठवले. बदलीच्या नोकरीतील माणसास हा निष्कर्ष मोहात पाडणारा आहे. पण २०२१ साली तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता केळफुलाकडे वळू. इटलीतील एका रुग्ण स्त्रीचा वृत्तान्त बॅडले, पापान्यो व व्हालार ह्या तिघांनी १९८८ साली प्रसिद्ध केला. शास्त्रात ती पी. व्ही. ह्या आद्याक्षरांनी ओळखली जाते. मेंदूस इजा झाल्यामुळे तिचे ध्वनीचे आवर्तन पंगू झाले होते. ऐकलेले दोन-तीन आकडेच तिला परत म्हणता येत. बोलणे स्वच्छ, बुद्धी शाबूत, संसार चालू. ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्या ती इतरांसारख्याच पाठ करी. परंतु तिला रशियन शब्द कानांनी शिकविले, तेव्हा दहा वेळा ऐकूनही एकही शिकता आला नाही. ह्याचा अर्थ असा की परक्या भाषेतील शब्द घरात येतो तो ह्याच दोन सेकंदांच्या दारातून. ओळखीच्या शब्दास आतून कोणी हात देतो. अनोळखी शब्दास दारातच उभे राहून पुनःपुन्हा आपले नाव पुकारावे लागते. त्या वेळी कोणी कढीपत्त्याची चौकशी केली तर दार लागते. "पंचवीस" हा आमच्या घरचा शब्द. "इरुपत्तैंदु" दारात होता.

तंजावरच्या एका राजास हे दार कसे उघडे ठेवावे ह्याची जाण होती, असा आमचा तर्क आहे. दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. राज्यकारभार १७९९च्या तहाने कंपनीकडे गेला, आणि मोकळा झालेला वेळ त्यांनी सरस्वती महालात व शाळांत घातला. त्यांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' नावाचे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तमिळ मुलुखातील नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात डोंगरातील कुरव जातीची स्त्री येऊन हात पाहते, भविष्य सांगते आणि आपण पाहिलेल्या देशांची वर्णने गाते. राजांनी त्या बाईच्या तोंडी सगळ्या जगाचा भूगोल घातला! ज्या मराठी कानांनी ती परदेशांची नावे कधी ऐकली नव्हती, त्यांस ती चालीत व तालात मिळाली. धन्वंतरी महालात अनुभवास उतरलेली औषधेही त्यांनी 'शरभेंद्र वैद्य' ह्या ग्रंथमालेत तमिळ पद्यात बांधून घेतली. गद्य दोन सेकंदांत विरते; पद्याचा पुढचा शब्द मागच्यास ओढून आणतो.

अवधान्याचे रहस्यही ह्याच्या जवळपास असावे. १९८० साली पिट्सबर्ग येथील एका विद्यार्थ्याची हकीकत चेस, एरिकसन व फॅलून ह्यांनी प्रसिद्ध केली. आरंभी त्यास सातच आकडे लक्षात राहत. सुमारे दोनशे तीस तासांच्या सरावानंतर तो एकोणऐंशी आकडे म्हणू लागला. तो धावपटू होता. तीन-चार आकडे दिसले की त्यांत त्यास अमुक शर्यतीची वेळ दिसे. पण आकड्यांऐवजी अक्षरे देताच गडी पुन्हा सहावर आला. भांडे तेवढेच राहिले होते. त्याने ओळखीच्या जिनसांच्या पुड्या बांधण्यास शिकून घेतले होते. त्याची शर्यत ती अवधान्याचे वृत्त. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात अक्षरे एकोणीस, पण ज्याच्या कानात त्याचे गण मुरले आहेत त्यास ती एकोणीस मोजावी लागत नाहीत; कोणते अक्षर कोठे बसावयाचे ती जागा आधीच राखलेली असते. मधुरवाणीची थोरवी ह्याने उणावत नाही. त्या जागा राखण्यात तिचे बालपण गेले असले पाहिजे.

राहिली एक गोष्ट, आणि ती आमच्या मुलाबाळांची आहे. वेल्समधील मुलांस आकडे कमी लक्षात राहतात असे बुद्धिमापनाच्या कसोट्यांत आढळे. १९८० साली एलिस व हेनेली ह्यांनी दाखविले की वेल्श आकड्यांची नावे उच्चारण्यास अधिक वेळ लागतो. त्याच माणसांस इंग्रजीत तपासले की संख्या वाढे, आणि तोंड दुसऱ्या पुटपुटण्यात गुंतविले की फरक नाहीसा होई. उणे होते ते दोन सेकंदांत बसणाऱ्या नावांचे. आता आपली गंमत पाहा. एक, दोन, तीन, चार, पाच. बहुतेक एकाच झटक्याचे. तमिळ ओन्रु, मून्रु, नालु, ऐंदु ह्यांस दोन झटके लागतात, इरंडु आणि ओन्बदु ह्यांस तीन. सुटे आकडे धरण्यात मराठी मुलास थोडी सवलत असावी, हे आमचे अनुमान. प्रयोगाचा आधार त्यास नाही. मात्र वीस ओलांडताच पारडे फिरते. "इरुपत्तैंदु" म्हणजे वीस-पाच. लिहावयाच्या क्रमानेच ते ऐकू येते. "पंचवीस" ह्यात पाच आधी ऐकू येतो आणि लिहावयाचा असतो दोन. तो पाच वीस येईपर्यंत हातात धरावा लागतो. एकोणतीस तर तीस ऐकवून एक काढून घेतो. जर्मन भाषेची रीत आपल्यासारखीच उलटी आहे. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांचा अभ्यास २००९ साली झाला, तेव्हा अंक लिहिण्यातील जवळजवळ निम्म्या चुका ह्या उलटापालटीच्या निघाल्या.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असे वाचन सुचविले गेले तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ उठला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर ह्यांनी जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलांची बाजू मांडली, दाक्षिणात्य भाषांकडे बोट दाखविले, आणि पुष्कळ थट्टा सोसली. २०२३ साली त्या निवर्तल्या. थट्टा करणाऱ्यांत आम्हीही होतो. आज तंजावरच्या बाजारात वर्ष काढल्यावर आमचे हसू पुष्कळ ओसरले आहे. तरी त्र्याहत्तर आणि सत्त्याण्णव भाषेतून जावे असे आम्हांस अजूनही वाटत नाही. पाढे त्यांच्यावर उभे आहेत, आणि तिसापर्यंतचे पाढे व पावकी-निमकी पाठ असणाऱ्या आमच्या वडिलांस हातचा धरण्याची पाळीच फार क्वचित येई. सात वर्षांच्या मुलास दोन्ही रीती द्याव्यात, आणि कोणती त्याच्या हातात बसते ते पाहावे.

परवा एका दुकानात दूरध्वनीचा क्रमांक विचारला. आम्ही सवयीप्रमाणे मनात जोड्या लावल्या, अठ्ठ्याण्णव, बावीस, आणि त्या उलगडून तमिळीत कशा सांगाव्यात ह्या विवंचनेत तिसऱ्या जोडीपाशीच अडलो. येथील शाळेत दुसरीत जाणाऱ्या आमच्या नातीने दहाही आकडे एकेक करून तमिळीत सांगून टाकले. घरी येताना सुट्या पैशांचा हिशेब मात्र ती मराठीत पुटपुटत होती, आणि डाव्या हाताची करंगळी तिने मिटून धरली होती. काय करतेस म्हणून आम्ही विचारणार होतो, सौ.नी डोळ्यांनी दटावले.